परवानगी विचारणाऱ्या सुलभाताई

सुलभाताई कुवेतच्या हवल्ली भागातल्या आमच्या इमारतीत राहायला आल्या आणि आठवड्याभरात मजल्यावरची माणसं ताप-खोकला घेऊन त्यांच्याकडे जायला लागली. चूक त्यांची नव्हती. युनिव्हर्सिटीच्या माणसानं सामान चढवताना दाराला पाटी लावून दिली होती : डॉ. सुलभा देवस्थळी. इमारतीची देखभाल करणाऱ्याला इथं हारिस म्हणतात; आमचा अबू करीम मिसरचा, म्हणजे इजिप्तचा. त्यानं पाटी वाचली आणि सगळ्यांना सांगून टाकलं की आता क्लिनिकला जायला नको, तिसऱ्या मजल्यावर दख्तूरा आलीय.

मला त्या पहिल्यांदा दिसल्या त्या माझ्याच दारात. कडेवर समोरच्या सीरियन बाईंचं बाळ, मागे त्या बाई रडवेल्या, आणि सुलभाताईंचा चेहरा असा की ताप बाळाला आहे की यांना, तेच कळेना.

"तू मराठी आहेस ना? भिंतीतून ऐकते मी तुला, मुलीला ओरडतेस ते. आणि हॉस्पिटलात काम करतेस असं हारिस म्हणाला. मग हे बाळ घे बाई आधी. मी ती डॉक्टर नाही. मी गाण्यांची डॉक्टर आहे."

मी एका खाजगी क्लिनिकमध्ये सोनोग्राफी करते. म्हणजे मीही 'ती' डॉक्टर नाहीच. पण ताप मोजला, बाळाला आणि आईला गाडीत घातलं आणि क्लिनिकला नेलं. सुलभाताई मागच्या सीटवर, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. बाळाला साधा सर्दीताप होता. तरी पुढचे कितीतरी दिवस त्या सकाळी कामावर जाताना समोरच्या दाराशी थांबून कान देत. आतून रडण्याचा आवाज आला की हायसं वाटून जिना उतरत. "रडतंय म्हणजे ठीक आहे," असं मला सांगत.

काळजी करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. परदेशात राहणारा प्रत्येक जण त्यात थोडाफार तयार होतोच. पण सुलभाताईंची काळजी म्हणजे रोजचा रियाज होता. गॅस बंद केला का, हे बघायला त्या लिफ्टपासून परत येत. सिव्हिल आयडी पर्समध्ये, तिची प्रत दुसऱ्या पर्समध्ये आणि आणखी एक प्रत माझ्याकडे. गाडी चालवायचा परवाना होता, पण इथले रस्ते पाहिल्यावर त्यांनी तो कपाटात ठेवून दिला तो कायमचा. विमान दुपारचं असलं तर सकाळचा नाश्ता विमानतळावर. काहीही झालं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे : "आधी घाबरून घेऊ, मग बघू." आणि खरोखर त्या मनापासून घाबरून घेत. मग डोळे पुसून, चष्मा लावून, जे करायचं ते करत. ते वाक्य आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडी बसलं. माझी झोया एरवी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते, पण गणिताच्या पेपरच्या आधी तीही म्हणायला लागली, "अम्मी, आधी घाबरून घेऊ."

त्यांच्या कामाच्या रेकॉर्डिंगच्या तीन हार्ड डिस्क होत्या. तिन्हींत तेच. एक त्यांच्या ऑफिसात, एक घरी आणि एक फहाहीलला राहणाऱ्या एका तेलुगू मैत्रिणीकडे. "तिन्ही ठिकाणी एकदम आग लागणार नाही," असं म्हणायच्या आणि पुढच्या क्षणी त्यांचा चेहरा उतरायचा. कारण तसं झालं तर, हे त्यांना दिसायला लागलेलं असायचं.

ही रेकॉर्डिंगं कसली, हे मला हळूहळू कळलं.

सुलभाताई सांगलीच्या. वडील पोस्टात नोकरीला, संध्याकाळी भजनात पेटी वाजवायचे. त्या पुण्याला जाऊन स्पॅनिश शिकल्या, आणि तेही फ्रेंचच्या वर्गात जागा उरली नव्हती म्हणून. पुढे शिष्यवृत्ती मिळाली ती टेक्सासमधल्या, मेक्सिकोच्या सीमेजवळच्या एका युनिव्हर्सिटीची. तिथं स्पॅनिश कादंबऱ्यांवर प्रबंध लिहायचा, असं ठरवून गेल्या. एका शनिवारी लाँड्रीत कपडे वाळायची वाट बघत बसल्या होत्या. बाकावर एक म्हातारा शेतमजूर अकॉर्डियन वाजवत बसला होता.

"अगं नसीम, ती आमची पेटीच होती. फक्त छातीशी धरलेली. बाबा भाता ओढायचे तेव्हा जसा आधी नुसता श्वास यायचा आणि मग सूर, तस्सं."

कादंबऱ्या बाजूला पडल्या. पुढची कितीतरी वर्षं त्या कांदा काढणाऱ्या, संत्री तोडणाऱ्या मेक्सिकन घरांतून फिरल्या. ती माणसं काम करताना काय गातात, बारशाला काय गातात, सीमेवरची नदी ओलांडून आलेल्या माणसांवर गाणी कशी रचतात, हे ऐकत राहिल्या. स्वतः अकॉर्डियन शिकल्या. अमेरिकेत या अभ्यासाला लॅटिनो स्टडीज म्हणतात. तिथं वसलेल्या स्पॅनिश बोलणाऱ्या घरांचा इतिहास, त्यांची भाषा, त्यांची गाणी, असं सगळं त्यात येतं.

"पण मला ठेवायचं कुठं, हे कुणाला कळेना," त्या सांगत. "संगीतवाले म्हणायचे, या बाईला गाण्यापेक्षा गाणाऱ्यांच्या चौकशा जास्त. इतिहासवाले म्हणायचे, ही गाणी गोळा करते. आणि लॅटिनो विभागात मुलाखतीला गेले की पहिला प्रश्न : तुम्ही मूळच्या कुठल्या? मी म्हणायची, सांगलीची. मग सगळे नकाशात शोधायचे."

तरी एका ठिकाणी नोकरी लागली. काही वर्षांनी पुस्तक छापून आलं की कायमची नेमणूक, अशा बोलीवर. ती नेमणूक झाली नाही. त्यानंतर कुठं एक वर्ष, कुठं दोन, अशा हंगामी जागांवर त्या राज्याराज्यांतून फिरल्या आणि शेवटी कुवेतला आल्या. इथं पहिल्या वर्षाच्या मुलांना इंग्रजी निबंध लिहायला शिकवायचं काम होतं.

"पण अमेरिका सोडलीत का हो?" मी एकदा विचारलं.

"हवा मानवली नाही," म्हणाल्या.

पन्नास डिग्रीच्या उन्हात, एसी बंद पडलेल्या खोलीत बसून त्या हे सांगत होत्या. मी पुढे विचारलं नाही.

रविवारी संध्याकाळी त्यांच्या घरातून भिंतीपलीकडे मोठ्यानं स्पॅनिश ऐकू यायचं. फोनवरची बाई म्हातारी आणि कानानं अधू, म्हणून सुलभाताई ओरडून बोलायच्या. तिकडे टेक्सासला तेव्हा सकाळ असे, ती चर्चला जाण्याआधीची वेळ. तिचं नाव दोन्या लूपे. "जिच्याकडे मी ऐकायला शिकले ती," एवढंच त्या सांगत. एरवी सतत धास्तावलेल्या या बाई त्या फोनवर मात्र खदखदून हसायच्या. माझा नवरा इक्बाल म्हणायचा, "रविवारी ताईंच्या घरात कुणीतरी दुसरीच बाई राहायला येते."

एकदा त्या पोट दुखतं म्हणून माझ्याच क्लिनिकला आल्या. टेबलावर झोपल्या, मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "जेल गार लागेल. हात लावू का?" तर त्या उठूनच बसल्या.

"तू सगळ्यांना असं विचारतेस?"

"विचारावं लागतं ना. अंग त्यांचं आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग झोपल्या आणि छताकडे बघत म्हणाल्या, "आता विचार." मी पुन्हा विचारलं. त्या हो म्हणाल्या. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

कुवेतला आल्यापासून त्या दरवर्षी युनिव्हर्सिटीत अर्ज करत होत्या की लॅटिनो लोकांच्या संगीतावर मला एक वर्ग घेऊ द्या. दरवर्षी डीन हसून म्हणत, कोण बसणार त्याला? शेवटी एका वर्षी परवानगी मिळाली, पुरेशी मुलं आली तरच, या अटीवर. त्या दिवसांत त्यांनी माझं डोकं उठवलं होतं. जेवताना फोन, जिन्यात फोन, किती नावं आली ते बघायचं. वर्ग भरला. का भरला, हेही त्यांनीच सांगितलं : "दुपारी ठेवलाय ना. मुलांना सकाळी उठायला नको."

पण मुलं रमली. सुलभाताई त्यांना टेक्सासच्या मळ्यांतली गाणी ऐकवायच्या आणि अकॉर्डियन वाजवून दाखवायच्या. मग त्यांनी मुलांना एक काम दिलं. तुमच्या घरात काम करता करता कोणी गातं का ते ऐका. आजी असेल, ड्रायव्हर असेल, कुणीही असेल. विचारून रेकॉर्ड करा आणि वर्गात आणा. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : विचारल्याशिवाय नाही.

त्या वर्गात दलाल नावाची मुलगी होती. इथं हे मुलींचं चांगलं नाव आहे, लाडाचं. सुलभाताईंची जीभ मात्र सुरुवातीला अडखळायची. हुशार मुलगी, पहिल्या बाकावरची. तिनं फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. भांड्यांचा आवाज, नळ, आणि त्यात एक बाई हलक्या आवाजात गात होती. भाषा कुणाला कळत नव्हती.

"कोण गातंय?" सुलभाताईंनी विचारलं.

"रमणम्मा. आमची स्वयंपाकीण. इंडियाची आहे, कडप्पाची."

"तिला विचारलंस?"

दलाल हसली. "डॉक्टर, ती आमच्याच घरात असते. मी दाराबाहेरून रेकॉर्ड केलं. विचारलं असतं तर ती लाजली असती."

"मग बंद कर," सुलभाताई म्हणाल्या. "विचारून ये. हो म्हणाली तर ऐकू."

दलालनं घरी जाऊन विचारलं. रमणम्मा नाही म्हणाली. आणि आहे तेही पुसून टाक, असं म्हणाली. दलालनं पुसलं. मग खोलीत जाऊन रडली आणि आईनं खोदून खोदून विचारल्यावर सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आईची तक्रार युनिव्हर्सिटीत गेली. माझ्या मुलीला भर वर्गात चोर ठरवलं आणि घरच्या नोकराणीपुढे हात पसरायला लावला, अशी.

डीननं सुलभाताईंना बोलावलं. चहा दिला. आवाज न चढवता म्हणाला की कराराच्या नूतनीकरणाचे दिवस जवळ आलेत, कुटुंबं मोठी आहेत, जरा जपून.

त्या थेट माझ्याकडे आल्या. पर्स मांडीवर धरून सोफ्याच्या कडेला बसल्या. नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, गेला; इकामा गेला की घर गेलं. साठीला टेकलेल्या, कुणीही न मागितलेल्या विषयातल्या बाईला आता कोण ठेवणार? हे सगळं त्या एका दमात बोलल्या. "आधी घाबरून घेऊ," मी म्हटलं, त्यांना बरं वाटावं म्हणून. त्या हसल्या नाहीत. पुढचे दिवस फार वाईट गेले. त्या जेवायच्या नाहीत. फोन वाजला की दचकायच्या. भिंतीपलीकडे येरझाऱ्या ऐकू यायच्या. मी दोनदा भाकरी आणि तिसळ्याचं सुकं घेऊन गेले आणि दोन्ही वेळा विसरले की त्या मासे खात नाहीत. इतकी मीही गोंधळून गेले होते.

आणि मग दलालच्या आईचा फोन आला. घरी चहाला या म्हणून.

"मला एकटीला नाही जमणार," सुलभाताई म्हणाल्या. "तू गाडी चालव. आणि आत नुसती शेजारी बस. काही बोलू नकोस."

घर मोठं होतं, पण भपका नव्हता. दलालची आई पूर्वी शाळेची मुख्याध्यापिका होती, ते तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. इंग्रजी स्वच्छ बोलायची. दलाल जिन्याच्या पायरीवर बसली होती, खाली बघत. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग चहाचा ट्रे आला, तो घेऊन येणारी चाळिशीची, काळीसावळी, डोक्याला रुमाल बांधलेली बाई रमणम्माच असणार, हे आम्हाला कुणी न सांगता कळलं.

"हीच ती," दलालची आई म्हणाली. "एवढं प्रकरण झालंय तर हिलाच विचारून टाकू. रमणम्मा, एक गाणं म्हणायला काय हरकत होती तुला?"

आम्हाला पेले देऊन रमणम्मा रिकामा ट्रे धरून उभी होती. तिनं मालकिणीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

सुलभाताईंनी आपला पेला खाली ठेवला. चहा बशीत सांडला.

"नको," त्या म्हणाल्या. "कृपा करून तिला विचारू नका."

"माझ्या घरात?"

"हो, तुमच्याच घरात. तुम्ही विचारलंत तर तिला नाही म्हणता येणार नाही. दलालनं विचारलं तेव्हा ती नाही म्हणू शकली. तेवढं एक 'नाही' तिच्याकडे आहे, ते राहू द्या."

मला वाटलं, आता उठून जायला सांगतील. मी गाडीची किल्ली मुठीत धरली. पण दलालच्या आईनं मानेनं खूण करून रमणम्माला आत पाठवलं आणि विचारलं, "एका गाण्याचं तुम्हाला इतकं का?"

मग सुलभाताईंनी जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

दोन्या लूपेनं एक गाणं रचलं होतं. तिचा मुलगा राफाएल लहानपणी तिच्यासोबत नदी ओलांडून आला, त्यावर. त्यात त्याचं नाव होतं, तो ज्या मळ्यात कामाला होता त्या मळ्याचं नावही होतं. अमेरिकेत राहायची कागदपत्रं त्याच्याकडे नव्हती. सुलभाताईंनी विचारून ते गाणं रेकॉर्ड केलं, विचारून त्यावर लिहिलं. पुस्तकाचा मधला, सगळ्यात मोठा भाग त्या गाण्यावर उभा होता. पुस्तक छापायला जायच्या बेतात होतं, नेमणुकीचा निर्णय तोंडावर होता. तेवढ्यात त्या भागात मळ्यांवर धाडी पडायला लागल्या. एक दिवस दोन्या लूपे बस बदलत बदलत युनिव्हर्सिटीत आली आणि त्यांच्या खोलीबाहेर बसून राहिली. सुलभाताई वर्ग संपवून आल्या तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ते गाणं मला परत दे."

"नाव बदलायचं," दलालची आई म्हणाली.

"बदलून पाहिलं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच नाव होतं, त्यावरच सगळी यमकं होती. नाव काढलं की गाणं तिचं राहत नव्हतं. आणि बाई, तिनं नाव बदल असं म्हटलं नव्हतं. परत दे म्हटलं होतं."

"मग?"

"मग परत दिलं. प्रकाशक म्हणाले, हे काढलं तर पुस्तक उरत नाही. युनिव्हर्सिटी म्हणाली, पुस्तक नाही तर नेमणूक नाही. मी निघाले. राफाएल राहिला."

दलालच्या आईनं स्वतः उठून सुलभाताईंचा पेला पुसला आणि पुन्हा भरला.

"माझी मुलगी वर्गात सगळ्यांसमोर खाली मान घालून बसली," ती म्हणाली. "हे सगळं तुम्ही तिला बाजूला घेऊन सांगू शकला असता."

"हो," सुलभाताई म्हणाल्या. "ते माझं चुकलं." आणि जिन्याकडे वळून त्यांनी दलालची माफी मागितली. पाठीत ताठ, दोन्ही हात मांडीवर, शाळेतल्या मुलीसारखी.

निघताना आई दारापर्यंत आली. "तक्रार मी मागे घेणार नाही. जे झालं ते झालं. पण तुम्ही आलात आणि काय बोललात, तेही कळवीन."

गाडीत बसल्यावर पहिल्याच वळणावर त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. दार उघडून पाय बाहेर टाकून बसल्या. धापा टाकत होत्या.

"नसीम, तिच्या घरात तिलाच नको म्हटलं गं मी."

"म्हटलंत खरं."

"आता गेला इकामा."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी बाटली धरली, पण झाकण उघडायचं सुचेना.

पुढच्या आठवड्यात दलाल गाणं न घेता वर्गात आली. स्वयंपाकघराच्या दारात आपण किती वेळ उभ्या होतो, विचारायचं कसं आणि कोणत्या भाषेत हेच कळत नव्हतं, आणि लहानपणापासून या बाईच्या हातचं खाऊनही तिला आपण आजवर फक्त सांगितलं होतं, विचारलं काहीच नव्हतं, असं ती बोलली. सुलभाताईंनी मला हे जिन्यात सांगितलं, मग चहा पिताना सांगितलं, मग इक्बाल आल्यावर त्याला सांगितलं. रमणम्माचं गाणं कशाचं होतं, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

करार त्या वर्षी वाढला, पण एकाच वर्षानं. संगीताचा वर्ग बंद झाला. आणि वर्ष संपताना डीननं पुन्हा चहा देऊन सांगितलं की निबंध शिकवायला आता बाहेरची माणसं कमी करायचं ठरलंय. त्या चहाला ना तक्रार कारण होती ना आणखी कुणी, असं तोच म्हणाला. खरं-खोटं कोण जाणे. गंमत अशी की ज्या गोष्टीला त्या इतकी वर्षं घाबरत आल्या ती समोर आल्यावर त्या दोन दिवस झोपून राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी खोके आणायला माझ्याबरोबर बाहेर पडल्या.

ते खोके अर्धे भरले होते तेव्हाची गोष्ट. रविवार होता. भिंतीपलीकडून नेहमीचं मोठ्यानं बोलणं आलं, मग एकदम रडणं. दोन्या लूपे नव्वदीच्या घरात होती. मला वाटलं, गेली. मी तशीच धावले. सुलभाताईंनी दार उघडलं, फोन छातीशी धरलेला.

"राफाएलचे कागद झाले," त्या म्हणाल्या. "तो फोनवर होता. मग तिनं फोन घेतला. छाप म्हणते. नाव घालून छाप म्हणते."

"मग रडता कशाला?"

"आता मला लिहिता येईल का गं? आणि तोवर ती राहिली नाही तर?"

फोन चालूच होता. पलीकडून म्हातारीचा आवाज काहीतरी विचारत होता. सुलभाताईंनी फोन कानाला लावला, स्पॅनिशमध्ये लांबलचक काही विचारलं, उत्तर ऐकलं आणि मला म्हणाल्या, "शेजारणीला ऐकवू का, असं विचारलं. हो म्हणाली. बस."

मी खोक्यावर बसले. त्यांनी कॉम्प्युटर लावला. आधी कोंबड्यांचा आवाज, लांबून जाणारा ट्रक, आणि मग एका बाईचा जाड, न शिकवलेला, धिमा आवाज. मला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ते नाव तेवढं कळत होतं. राफाएल. राफाएल. माझी आई हर्णैच्या बंदरावर अब्बांच्या होडीची वाट बघायची, ते मला का आठवलं सांगता येणार नाही. सुलभाताई गाण्याकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. आवडतंय का, या काळजीनं.

राहिलेल्या दिवसांत त्यांनी खोक्यांच्या मधे टेबल ठेवून तो भाग पुन्हा लिहायला घेतला. आता त्या सांगलीला बहिणीकडे आहेत. पुस्तक एका विद्यापीठाच्या प्रकाशनाकडे गेलंय, तिथले दोन जाणकार ते वाचताहेत. त्यांचा मला रोज निरोप येतो : दोघांपैकी एकाला आवडलं नाही तर? दोन्या लूपे अजून आहे. रविवारचा फोनही आहे.

त्या गेल्या तो दिवस मला स्वच्छ आठवतो. विमानतळावर आम्ही अर्थातच फार लवकर पोचलो होतो. आत जायच्या दाराशी मी त्यांना मिठी मारली, त्या आत गेल्या, आणि मी काचेबाहेर थांबले, कारण दहा पावलांवर वळून त्या मला हात करणार, मग आणखी दहावर पुन्हा, हे मला माहीत होतं. त्यांनी दोनदा केलाही. तिसऱ्यांदा वळणार तेवढ्यात त्यांच्यासमोर एक तरुण बाई आली. घरकाम करणारी असावी, बहुधा पहिल्यांदाच सुट्टीवर गावी निघालेली. चादरीत बांधलेलं गाठोडं, हातात पासपोर्ट आणि तिकीट घट्ट चुरगळून धरलेलं, आणि कुठं जायचं ते कळत नसल्यानं रडायच्या बेतात. तिनं सुलभाताईंना काहीतरी विचारलं. सुलभाताईंनी आधी तिच्या हातातल्या तिकिटाकडे बोट करून बघू का असं खुणेनं विचारलं. मग ते घेतलं, वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि तिचा हात धरून ठाम पावलं टाकत चुकीच्या बाजूला निघाल्या.

मी काचेवर हात मारला. ओरडले. ऐकू जाणं शक्यच नव्हतं. लांब कोपऱ्यात दोघी थांबल्या, माना वर करून पाटीकडे बघत राहिल्या. सुलभाताईंनी एका शिपायाला विचारलं. मग दोघी उलट्या फिरल्या आणि गाठोडं दोन्ही बाजूंनी धरून माझ्या अगदी समोरून, काचेच्या पलीकडून, जवळजवळ पळत गेल्या. सुलभाताई त्या मुलीशी सारखं काही बोलत होत्या. मी हात हलवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.